दोघांच्या खोलीचा अर्ज

तीर्थरूप मास्तर,

बोटातलं अंगुस्तान काढून, दोन्ही हात जोडून नमस्कार. (तुम्ही सासरे झालात त्याला दोन वर्षं होऊन गेली, पण त्याआधी सहा वर्षं तुमच्या घरी राहून तुमच्या हाताखाली कात्री चालवली, त्यामुळे तोंडात ‘मास्तर’च येतं. ‘बाबा’ म्हणायला गेलो की आपण काहीतरी वाकडं कापलंय आणि आता सापडणार असं वाटतं.) तुमचे गुडघे कसे आहेत? सासूबाईंचा खोकला? खिडकीजवळच्या मशीनचं पॅडल अजून करकरतं का? करकरत असेल तर तेल घालू नका, त्याच्या पायाखाली मी पुठ्ठ्याची घडी ठेवली होती ती सरकली असेल, तेवढी बघा. इकडे मी खुशाल आहे. म्हणजे अंगाने खुशाल आहे. मनाने मी गेले सात महिने आ वासून उभा आहे, आणि तो आ मिटायची काही लक्षणं नाहीत म्हणून तसाच पत्र लिहायला बसलो आहे.

एवढं वाचून तुम्ही ‘खोलीचं काय?’ असं विचारणार हे मला ठाऊक आहे. तुमच्या लेकीचं गेल्या महिन्यातलं अख्खं पत्रच तेवढ्या दोन शब्दांचं होतं. (खाली सहीसुद्धा नव्हती. पण अक्षर तिने केलेल्या काजांसारखं, सगळं एका मापाचं, त्यामुळे ओळखलं.) निघताना मी छाती पुढे काढून म्हणालो होतो की आठ दिवसांत खोली बघतो आणि हिला घेऊन जातो. त्या आठ दिवसांना सात महिने झाले. आता तुमच्या थोरल्याच्या गावी शिवणशाळेत तिला शिकवायची नोकरी चालून आली आहे, राहायची जागा शाळेचीच, आणि पंधरा तारखेपर्यंत हो की नाही ते कळवायचं आहे. तोवर इथे दोघांची खोली झाली तर ती इकडे येईल, नाही तर तिकडे जाईल. आणि ते गाव इथून दोन दिवसांच्या प्रवासावर आहे. मास्तर, हे सगळं माझ्या डोक्यात आहे, खोलीवर मी येतोच आहे. पण आधी हे शहर काय चीज आहे ते ऐकून घ्या, नाही तर पुढचं सगळं तुम्हाला थाप वाटेल.

आमच्या कारखान्याचंच घ्या. आपल्याकडे एक माणूस माप घेतो, तोच कापतो, तोच शिवतो आणि गिऱ्हाईक बोंबललं की शिव्याही तोच खातो. इथे एक कोट एकोणीस माणसं मिळून शिवतात! मी उजव्या बाह्या कापतो. फक्त उजव्या. डाव्या बाह्यांचा कटर भिंतीपलीकडच्या खोलीत बसतो, त्याची नि माझी अजून गाठ पडलेली नाही, पण आमच्या बाह्या एकमेकींना अशा जुळतात की बघत राहावं. शेजारच्या टेबलावर एक वयस्कर गृहस्थ आहेत, त्यांना सगळे कॉलरबुवा म्हणतात. चौदा वर्षं ते कॉलरच लावतात. पुरा झालेला कोट कसा दिसतो असं मी त्यांना विचारलं, तर विचार करून म्हणाले की बरा दिसत असावा, लोक घेतात. आमच्या मुकादमांनी मला खोली मिळेपर्यंत कापणीच्या टेबलावर झोपायची परवानगी दिली आहे. टेबल एवढं लांब की त्यावर मधोमध खडूने रेघ मारून दिली आहे, रेघेच्या अलीकडे मी आणि पलीकडे अस्तराचे तागे. तसं ते दोघांना आरामात पुरेल. पण बायकोला सात महिन्यांनी भेटायचं आणि तिला ताग्यांच्या रांगेत जागा दाखवायची, हे माझ्याच्याने होणार नाही.

तर खोली. इथे खोली माणसाने शोधायची नसते, दलालाने दाखवायची असते. आमच्या भागातल्या दलालाला किल्लीकाका म्हणतात, कारण त्यांच्याकडे एकही किल्ली नसते. सगळ्या खोल्या त्यांच्या डोक्यात. चालता चालता वर बोट करून सांगतात, तिसरा मजला, डावीकडची, गुरुवारी रिकामी होतेय, बाई अजून रडतायत. (भाड्याचे आकडे मी या पत्रात लिहीत नाही. तुमचा रक्तदाब मला माहीत आहे.) त्यांनी दाखवलेली पहिली खोली बघून मी दारातच उभा राहिलो. खोली झकास, चादर पांढरीशुभ्र, आणि भाडं चक्क परवडणारं. मी लगेच हो म्हणालो. तेव्हा काकांनी खुलासा केला की ही जागा संध्याकाळी चार ते दहा. रात्री तिथे एक शाळामास्तर झोपतात, दिवसा एक नर्स झोपते, आणि मधले सहा तास तेवढे मोकळे आहेत. पलंग एक, उशी एक, उशीचे अभ्रे तीन, प्रत्येक पाळीच्या खुणेचे! शाळामास्तर आणि नर्स यांनी पाच वर्षांत एकमेकांचं तोंड पाहिलेलं नाही. पण उशाशी चिठ्ठी होती, नर्सबाईंच्या हातची, की खिडकीची कडी सैल झाली आहे, जपून लावा, बोट चेमटेल. मी ती चिठ्ठी दोनदा वाचली. आपल्याकडे भिंतीला भिंत लागून राहणारे सख्खे भाऊ एकमेकांच्या बोटाची एवढी काळजी करत नाहीत. खोली मात्र घेतली नाही, कारण चार ते दहा मी कामावर असतो, आणि तुमच्या लेकीला चार वाजता झोपायला सांगायची माझी छाती नाही.

दुसरी खोली तर मला अजून स्वप्नात दिसते. आत गेलो तर काहीच नाही. नुसत्या भिंती. मी काकांना म्हणालो, पलंग कुठे ठेवायचा, चूल कुठे मांडायची? त्यांनी भिंतीतली एक कडी ओढली आणि भिंतीतून पलंग खाली आला. दुसरी ओढली, मेज आलं. तिसरी ओढली, चूल, नळ आणि तीन ताटं एकदम बाहेर आली. मी चक्क टाळ्या वाजवल्या. मास्तर, तुम्ही उरलेल्या तुकड्यांतून जाकीट बेतून दाखवायचात तेव्हा आम्ही पोरं तोंडात बोट घालून बघायचो ना, तसा मी बघत होतो. ही खोली ज्याने बेतली तो कुणीतरी फार मोठा कटर असला पाहिजे. एक बोटभर चिंधी वाया घालवली नव्हती. फक्त पलंग खाली असला की दार उघडत नाही. म्हणजे सकाळी एकाने उठून पलंग वर केल्याशिवाय दुसऱ्याला बाहेर पडता येत नाही, आणि पलंग वर करायचा तर त्यावर कुणी झोपलेलं चालत नाही. त्या घरात म्हणे नवरा-बायकोची भांडणं होत नाहीत, कारण रागावून निघून जायची सोयच नाही. माझ्या हातातून ती खोली सुटली ती मी टाळ्या वाजवत असताना. मागे एक जण येऊन उभा होता, त्याने तेवढ्यात आगाऊ रक्कम काढून दिली.

तिसऱ्या खोलीला खिडकी होती, पण ती भाड्यात नव्हती. खिडकी समोरच्या खोलीतल्या चित्रकाराने वेगळी घेतलेली, तो सकाळी दोन तास येऊन तिच्यापाशी बसणार, तेव्हा आपण भिंतीकडे तोंड करायचं. हेही मी एका परीने मान्य केलं असतं (चित्रकार सभ्य होता, सदऱ्याची शिवण मात्र उसवलेली). मग मला तुमच्या लेकीची काजं आठवली. काजं करायला डाव्या हाताकडून उजेड लागतो, आणि तो चित्रकाराला विचारून घ्यायचा म्हटल्यावर झालंच. अशा किती खोल्या पाहिल्या त्याची यादी देत नाही. पण रोज सकाळी कारखान्यातून चहाला बाहेर पडलो की मी कोपऱ्यावर दोन मिनिटं उभा राहतो. त्या चिंचोळ्या जिन्यांतून, त्या काडेपेट्यांतून माणसं बाहेर पडत असतात, शेकड्यांनी, आणि प्रत्येकाच्या अंगावर कडक इस्त्रीचे कपडे! इस्त्री करतात कुठे? इस्त्री ठेवतात कुठे? मला खरंच कळत नाही, आणि त्यांच्यापुढे हात जोडावेसे वाटतात.

आता मुख्य गोष्ट. मागच्या आठवड्यात धोब्याच्या दुकानातल्या फळ्यावर एक कागद दिसला. दोन माणसांसाठी एक खोली, खिडकी भाड्यातच, रविवारी दहा वाजता येणे, उशीर होणाऱ्यांनी येऊ नये. खाली भाडं लिहिलं होतं, ते वाचून मी धोब्याला विचारलं की यातलं एखादं शून्य धुऊन गेलंय का. तो म्हणाला, नाही, त्या बाई तशाच आहेत, त्यांना पैसे नकोत, माणसं हवीत. रविवारी मी साडेआठलाच पोचलो तर चार मजले रांग. काय तयारी लोकांची! एका जोडप्याकडे आपल्या घासलेल्या मोरीचे फोटो होते, आधीचे आणि नंतरचे. एकीने तर आधीचा घरमालकच सोबत आणला होता, तो बिचारा प्रत्येक पायरीवर ‘फार चांगली मुलगी’ असं म्हणत होता. माझ्या पुढचा माणूस खोली घ्यायला आलाच नव्हता, त्याचा धंदाच रांगेत उभं राहण्याचा होता, आणि त्याने मला उभं राहताना गुडघे किंचित वाकवावेत असा सल्ला फुकट दिला. माझ्याकडे काय होतं? गळ्यात टेप, खिशात खडू, आणि कॉलरच्या आतल्या बाजूला टोचलेल्या आठ टाचण्या.

त्या बाईंनी चौतीस वर्षं परीक्षा घेण्याचं काम केलं आहे. म्हणजे मुलं पेपर लिहीत असताना वर्गात फेऱ्या मारायच्या आणि कुणी मान वळवली तर खाकरायचं. निवृत्त झाल्या तरी खाकरणं तेच. आम्हाला दहा-दहाच्या गटाने आत घेतलं, खुर्च्या अंतराने मांडलेल्या, प्रत्येकाच्या हातात छापील अर्ज, वेळ चाळीस मिनिटं, बोलू नये, शेजारी बघू नये, शंका असल्यास हात वर करावा. माझी पाचावर धारण बसली. आणि अर्जावर पहिलं अक्षर लिहायच्या आत बाई भिंतीवरचं घड्याळ सरळ करायला पाठमोऱ्या झाल्या, आणि मला त्यांच्या कोटाचा डावा खांदा दिसला.

मास्तर, तुम्हीच सांगा, मी काय करणार होतो? खांदा अर्धा इंच उतरलेला. कोट उत्तम कापडाचा, शिलाई नामी, पण शिवणाऱ्याने दोन्ही खांदे सारखे धरलेले, त्यामुळे डावीकडे पाठीवर ही मोठी सुरकुती. तुम्ही सहा वर्षं माझ्या पाठीत कोपर मारून शिकवलंत की सुरकुती दिसली की आधी हात जातो, तोंड नंतर. तर हात गेला. मी उठलो, चालत गेलो आणि परीक्षेच्या मधोमध त्या बाईंच्या खांद्याची शिवण चिमटीत धरली. नऊ पेनं थांबली. बाई वळल्या. मी म्हणालो, अर्धा इंच. त्या हळूच म्हणाल्या की लहानपणी झाडावरून पडले होते, हाड वाकडं जुळलं, ही गोष्ट सांगितल्याशिवाय आजवर एकाही शिंप्याला दिसली नाही, आणि सांगायची मला लाज वाटते. मग काय, कोट काढून घेतला, आतली शिवण उसवली, माझ्याच कोटाच्या खांद्यातला कापूस काढून त्यांच्या डाव्या खांद्यात बारीक गादी भरली आणि बाईंच्याच सुईदोऱ्याने बिनबोभाट टाके घालून दिले. (माझा कोट आता तुम्ही बघू नका.) त्यांनी तो घालून आरशात पाहिलं. पाठ ताठ झाली. आणि तेवढ्यात घड्याळाकडे बघून त्या खाकरल्या, वेळ संपली, लिहिणं थांबवा. सगळ्यांचे अर्ज गोळा झाले. माझा पेपर कोरा!

तुम्हाला वाटेल, बाईंनी लगेच किल्ली हातावर ठेवली असेल. मलाही तसं वाटलं होतं. त्यांनी पर्स उघडून खांद्याची मजुरी मोजून दिली आणि म्हणाल्या, कोट वेगळा, खोली वेगळी. मग म्हणाल्या, मात्र तुमची चाळीस मिनिटं माझ्या खांद्यात गेली, तेव्हा अर्ज घरी न्या, चौदा तारखेपर्यंत आणून द्या, तोवर मी निकाल लावत नाही. चौतीस वर्षांत त्यांनी पेपर कुणाला घरी नेऊ दिलेला नव्हता. जाताना त्यांनी खोली दाखवली. मास्तर, खिडकी दोन हात रुंद आहे. उजेड डावीकडून येतो, आणि बरोब्बर तिथे एक बुटकी खुर्ची बसेल एवढी जागा आहे. नळ गळत नाही. दाराच्या मागे दोन खुंट्या आहेत. एक नाही, तीन नाहीत, दोन. आयुष्यात पहिल्यांदा मी टेप गळ्यात असून काही मोजलं नाही, नुसता उभा राहिलो आणि मला रडू आलं. बाई तेव्हा मुद्दाम दुसरीकडे बघत होत्या.

तेव्हा खोली मिळाल्यातच जमा आहे असं सासूबाईंना खुशाल सांगा. एक किरकोळ कागद तेवढा राहिला आहे. गुडघ्यांना जपा, उंच स्टुलावर बसून कापत जाऊ नका.

आपला,
उजव्या बाह्यांचा कटर (आणि जावई)

ता. क. तो किरकोळ कागद सोबत जोडला आहे. अर्जाचं पहिलं पान मी भरलं. दुसरं पान अर्जदाराने भरायचं नाही. जो माणूस अर्जदाराबरोबर किमान एक वर्ष एका छपराखाली राहिला आहे त्याने ते भरायचं, खरं भरायचं, आणि बाई उत्तरं वाचून खोटं ओळखतात. (बाकीच्यांनी असा माणूस सोबतच आणला होता.) माझे आईवडील नाहीत हे तुम्ही जाणता. उभ्या जगात असं छप्पर तुमचंच. कृपा करून उलट टपाली पाठवा, चौदा तारखेच्या आत पोचलं पाहिजे. प्रश्न सोपे आहेत. जेवल्यावर ताट उचलतो का, नळ बंद करतो का वगैरे. तिसरा प्रश्न आहे, चूक कबूल करतो का. तिथे तुम्हाला बिनघोर ‘हो’ लिहिता यावं म्हणून आत्ताच कबूल करतो की चौथ्या वर्षी ते राखाडी जाकीट उंदरांनी कुरतडलं नव्हतं. मी वाकडं कापलं होतं आणि ट्रंकेत दडवलं होतं. उंदरांची माफी मागतो.

पुन्हा ता. क. पाचवा प्रश्न घोरण्याचा आहे. तुम्ही खोटं लिहिणार नाही, आणि लिहा असं मी म्हणणारही नाही. सहा वर्षं तुम्ही कानात कापूस घालून झोपलात हे मी विसरलेलो नाही. पण ‘मशीन चालू असताना ऐकू येत नाही’ असं लिहिलंत तर तेही खरंच आहे.

शेवटचं ता. क. कागदावर अगदी तळाशी सातवा प्रश्न आहे. ‘अर्जदाराबरोबर पुन्हा एका छपराखाली राहायला आवडेल का? एका शब्दात लिहावे.’ मास्तर, तो तुम्ही भरू नका. घरात आलेलं प्रत्येक पत्र आधी तुम्ही चष्मा लावून मोठ्याने वाचता, ती तुमची पद्धत आहे, आजवर मी त्यावर काही बोललो नाही. पण एवढा एक कागद घडी करून तुमच्या लेकीच्या हातात द्या, आणि ती लिहीत असेल तेव्हा अंगणात जाऊन उभे राहा. सात महिने मी खोल्यांच्याच मागे फिरतोय, खिडक्यांच्या, भाड्याच्या, किल्लीकाकांच्या. तिला हे विचारायचं राहूनच गेलं. ते मी विचारायला हवं होतं, पण छापलं एका परक्या बाईंनी. उत्तर ‘नाही’ असेल तरी कागद वेळेत पाठवा. मी बाईंना सांगेन की खोली छान आहे, पण मला मोठी होते.